कर्झनच्या मुली

वाई,
दिवाळीनंतरचा रविवार

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर गेले नाही, याबद्दल तू मनात ज्या शिव्या जमवल्या असशील त्या सर्व पोहोचल्या असे समज. प्रकृती ठीक आहे, साखर गोळ्यांच्या धाकात आहे आणि दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन उन्हाळ्यानंतर करू असे डॉक्टरांचे म्हणणे आहे. आज लिहायला बसलो तो कर्झनमुळे. होय, अजूनही कर्झनचे चरित्रच. देवधर सर असते तर त्यांनी एव्हाना हस्तलिखित विहिरीत टाकले असते.

झाले ते असे. हस्तलिखित टाइप करण्याचे काम मीरा करते आहे. व्हाइसरॉय, बंगालची फाळणी, सरसेनापती किचनेरशी झालेले भांडण, हे सारे तिने मुकाट्याने टाइप केले. मग मुलींचे प्रकरण आले. धाकटी अलेक्झांड्रा, तिला घरात ‘बाबा’ म्हणत. मी लिहिले होते, ‘बाबा मोठी होत होती’, ते हिने व्याकरणाची चूक समजून ‘बाबा मोठे होत होते’ असे सुधारून ठेवले. आम्ही दोघेही खूप हसलो. पण त्याच प्रकरणात पुढे पैशाचा भाग आहे. त्या पानाच्या समासात तिने पेन्सिलीने लिहिले आहे : ‘आईचा पैसा मुलींचा की वडिलांचा? लेखकाचे मत स्पष्ट होत नाही.’ बाकी एक शब्द नाही. स्वयंपाकघरात गेली आणि चहा टाकला.

वाईच्या घराचे छप्पर आणि नदीकडची भिंत कोणाच्या फंडातून उभी राहिली, हे माझ्याखेरीज फक्त तुला ठाऊक आहे. कुंदाच्या पाटल्यांचेही तुलाच ठाऊक आहे, कारण सराफाकडे माझ्याबरोबर तूच आला होतास. म्हणून हे पत्र तुला.

तू कर्झनचे राजकारण वाचलेस, त्याचे घर कधी वाचले नाहीस. तुझ्या लेखी तो म्हणजे गोखल्यांच्या बनारसच्या अध्यक्षीय भाषणातला औरंगजेब, आणि तेवढ्यावर तुझा निकाल लागलेला. मी १९०४चा प्राचीन स्मारकांचा कायदा पुढे केला की तू उसळायचास, आणि अजिंठ्याला पहिल्या लेण्याच्या दारात उभा राहून तू मला सुनावले होतेस की हा मुलूख तेव्हा निजामाचा होता, तुझ्या लाटसाहेबाचा कायदा येथे लागूच नव्हता. ते बरोबर होते, पण त्यासाठी परतीच्या एसटीत जळगावपर्यंत अबोला धरण्याचे कारण नव्हते.

तर घर. जॉर्ज नॅथॅनिएल कर्झनचा जन्म ११ जानेवारी १८५९ चा, डर्बीशायरमधल्या केडल्स्टनचा. वडील लॉर्ड स्कार्सडेल. जमीनदारही तेच आणि गावच्या चर्चचे धर्मगुरूही तेच. अकरा भावंडे. आईबाप दूर आणि सारी सत्ता मिस पॅरामन नावाच्या गव्हर्नेसच्या हाती. ही बाई मुलाला उंच शंकूसारखी टोपी घालून, त्यावर ‘खोटारडा’, ‘भित्रा’ असे शब्द लावून गावातून फिरवीत असे. आपल्यालाच मारण्यासाठी छड्या तयार कराव्यात अशी बटलरला चिठ्ठी लिहायलाही तिने त्याला लावले होते. फेब्रुवारी १९०५ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात, सत्याचा आदर्श हा मोठ्या अंशी पाश्चात्त्यांचा आहे असे त्याने पदवीधरांना ऐकवले, तेव्हा ती टोपी त्याच्या डोक्यावरून कधी उतरलीच नव्हती असे मला वाटते. अमृत बाजार पत्रिकेने मग त्याच्याच प्रवासवर्णनातला उतारा छापला : कोरियातल्या मंत्र्याने वय विचारले तेव्हा तेहतिशीतल्या या गृहस्थाने चाळीस सांगितले होते, आणि राणीचे नातलग का, या प्रश्नावर ‘नाही, पण मी अजून अविवाहित आहे’ असे उत्तर देऊन तो मोकळा झाला होता. हा प्रसंग तू वर्गात नाट्यासहित सांगायचास. टोपीची गोष्ट मात्र तुझ्या नाटकात कधी आली नाही.

केडल्स्टनचा त्याला ध्यास होता. बाराव्या शतकापासून जमीन त्याच घराण्याची, आणि घराण्याचे ब्रीदवाक्यच असे की कर्झनने जे धरले ते कर्झनकडेच राहो. योगायोग पाहा, कलकत्त्याचे गव्हर्नमेंट हाउस बांधले गेले ते केडल्स्टनच्याच नमुन्यावर, १८०३ मध्ये पुरे झाले. म्हणजे हा माणूस जेथे वाढला त्याच घराच्या प्रतिकृतीत बसून त्याने हिंदुस्थान चालवला, आणि तिथल्या मुदपाकखान्याचा हिशेबही स्वतः तपासला.

ब्रीदवाक्य होते, पैसा तितका नव्हता. पैसा आला तो शिकागोहून. लेव्ही लायटर हा तिथल्या बड्या दुकानदाराचा, मार्शल फील्डचा जुना भागीदार. त्याची मुलगी मेरी हिच्याशी कर्झनचे लग्न २२ एप्रिल १८९५ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाले. त्याआधी दोन वर्षे वाङ्‌निश्चय गुप्त ठेवून हा मध्य आशियात भटकत होता आणि ती बिचारी कोणालाही न सांगता वाट पाहत होती. (कुंदाने असे दोन आठवडेही चालवून घेतले नसते.) पुढे १९०३च्या दिल्ली दरबाराच्या नृत्यसमारंभात मेरीने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा जरीचा झगा आजही केडल्स्टनला ठेवलेला आहे, प्रत्येक पिसाच्या डोळ्यात भुंग्याचे हिरवे पंख शिवलेले. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, १८ जुलै १९०६ रोजी, ती लंडनमध्ये गेली. वय छत्तीस. मागे तीन मुली : दहा वर्षांची आयरीन, सात वर्षांची सिंथिया आणि दोन वर्षांची अलेक्झांड्रा नालदेरा. हे दुसरे नाव सिमल्याजवळच्या नालदेऱ्याचे, जेथे हे जोडपे तंबूत राहत असे.

त्याने तिच्यासाठी केडल्स्टनच्या चर्चला एक दालन जोडले. हिरव्या स्फटिकाची जमीन आणि पांढऱ्या संगमरवरातली तिची निजलेली मूर्ती. पुढे शेजारी स्वतःचीही करवून घेतली. या दालनावर मी दहा पाने लिहिली आहेत आणि त्यातले एक वाक्यही मीराला खटकलेले नाही.

खटकला तो लायटरच्या विश्वस्तनिधीचा भाग. मेरीच्या पश्चात या पैशाचे उत्पन्न मुलींचे. त्या अज्ञान असेतोवर ते वडिलांच्या हातून खर्च व्हायचे. कर्झनने त्यांना राहणीत काही कमी पडू दिले नाही हे खरे, पण राहणी म्हणजे काय, हे तोच ठरवीत होता. कार्ल्टन हाउस टेरेसवरचे घर, भाड्याने घेतलेली माँटाक्यूटची हवेली, १९१६ मध्ये वडील गेल्यावर केडल्स्टन. त्यातच त्याला पडके किल्ले विकत घेण्याचे वेड. १९११ मध्ये टॅटरशॉल घेतला. तिथल्या दगडी शेकोट्या अमेरिकेला निघाल्या होत्या, त्या शोधून परत आणून बसवल्या. १९१७ मध्ये बोडियम घेतला, त्याच्याभोवतीचा खंदक उपसून घेतला. मृत्युपत्राने दोन्ही किल्ले जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला दिले. पावसाळ्यात गळणाऱ्या छपराखाली ज्याने रात्री काढल्या आहेत, त्याला हे वेड कळते. तुझ्या नागपूरच्या फ्लॅटात ते कळायचे नाही.

आयरीन एकवीस वर्षांची होऊन बाहेर पडली आणि तिने आपला पैसा आपल्या हाती मागितला. बापाला हा कृतघ्नपणा वाटला. सिंथियाने मे १९२० मध्ये ऑस्वल्ड मोस्लीशी, पुढे फॅसिस्टांचा पुढारी झाला त्याच्याशी, लग्न केले, आणि मग तिनेही आपले उत्पन्न वेगळे करावयाचे ठरवले. तिचेही बोलणे तुटले. जानेवारी १९१७ मध्ये त्याने दुसरे लग्न केलेले होते, ब्यूनॉस आयरिसच्या डगन नावाच्या धनिकाची विधवा ग्रेस हिच्याशी. वारसासाठी मुलगा हवा होता, तो झाला नाही. (हे लग्न ठरल्याची वार्ता एलिनॉर ग्लिन या कादंबरीकर्तीला माँटाक्यूटमध्ये वर्तमानपत्रातून कळली. वर्षानुवर्षांची ही मैत्रीण त्याच्याच वतीने तिथे भिंतींचे रंग ठरवीत होती! त्या प्रकरणावर तू काढलेले उद्गार मी टाइप करायला दिलेले नाहीत.)

पंतप्रधानपद गेले ती कथा तुला पाठ आहे : मे १९२३, सुट्टीचे दिवस, माँटाक्यूटला टेलिफोन नाही, राजाच्या सचिवाची तार, गाडीतून लंडनला येताना मंत्रिमंडळाची मनात केलेली जुळवाजुळव, आणि तेथे कळले की बाल्डविनला बोलावणे गेले आहे. तू यावर टाळ्या वाजवल्या होत्यास. मी तेव्हाही वाजवल्या नव्हत्या. आता मला त्याहून मोठी वाटते ती त्याच्या मृत्यूची तारीख : २० मार्च १९२५. त्या दिवशी अलेक्झांड्रा एकवीस वर्षांची झाली. तिसऱ्या मुलीचा पैसाही ज्या दिवशी बापाच्या हातून सुटायचा, त्याच दिवशी बाप सुटला. यावर एक वाक्य लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. ते राहू द्यावे की काढावे, हे तू सांग.

पुढचे तर न्यायाधीशानेच लिहावे असे. हा गृहस्थ स्त्रियांच्या मताधिकाराविरुद्धच्या संघटनेचा अध्यक्ष होता. १९१८ मध्ये लॉर्डांच्या सभेत पराभव समोर दिसताच मत देणे टाळून बाजूला झाला. त्याची सिंथिया १९२९ मध्ये मजूर पक्षातर्फे स्टोकमधून कॉमन्समध्ये निवडून आली. मे १९३३ मध्ये अपेंडिक्स फुटण्याच्या दुखण्यात चौतिसाव्या वर्षी गेली. मुलगा नाही म्हणून मुलींकडे जाईल अशी खास तरतूद केलेली रेव्हन्सडेलची बॅरनकी आयरीनकडे आली, आणि १९५८ मध्ये लॉर्डांच्या सभेत प्रथमच आजीव पदवी घेऊन ज्या चार स्त्रिया बसल्या, त्यांत ती एक. धाकटीने पुढे सेव्ह द चिल्ड्रन या मुलांसाठीच्या संस्थेचे काम मोठ्या निष्ठेने केले. मोस्लीच्या संदर्भातल्या तिघी बहिणींच्या भानगडी मी एका परिच्छेदात उरकल्या आहेत. मीरा त्यावर म्हणाली, ‘बाबा, इथे मात्र तुम्ही फार घाईत आहात.’

तेव्हा प्रश्न असा. मूळ मसुद्यात मी कर्झनच्या बाजूने लिहिले होते : मुलींना नाचमेजवान्यांना पैसा हवा होता, बापाने तो दगडांत घातला, आणि ते दगड आज साऱ्यांचे झाले. मीराच्या समासातल्या ओळीनंतर ते पान मी पुन्हा वाचले. त्यात आयरीन बोलतच नाही. तिने काय मागितले ते आहे, का मागितले ते नाही. घर राखणाऱ्याला राखणीचा अधिकार असतो की नाही, याचे उत्तर मला आजही ‘असतो’ असेच द्यावेसे वाटते. पण त्या घराच्या नावावर कोणाचे नाव चढायचे आहे हे तिला न सांगता मी ते छापू शकत नाही, आणि सांगायला गेलो की कर्झन बाजूला राहतो. मीराने कधी काही मागितलेले नाही. हीच पंचाईत आहे. मागितले असते तर भांडता आले असते. सातबारा, मिळकतपत्रिका, फंडाची जुनी पावती, सारे मी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून काढून टेबलावर ठेवले आहे. ती रोज त्याच टेबलावर टाइप करते आणि कागद सारून लॅपटॉप ठेवते.

तू वकिलाचा मुलगा. कायदा तुझ्या रक्तात आहे असे तू लग्नाच्या पंक्तीतही सांगत असतोस. तेव्हा दोन गोष्टी कळव : पान तसेच ठेवू की आयरीनची बाजू घालून नव्याने लिहू, आणि पाटल्यांचे मीराला सांगताना तू येथे असावेस की नसावेस.

वहिनींच्या गुडघ्याचे वाचून वाईट वाटले. फिजिओथेरपी चुकवू नये म्हणावे. समीरची बदली थांबली हे उत्तम. नातीच्या बारशाचा आहेर शाम्याबरोबर पाठवला आहे, त्याने वाटेत विकला नसेल तर पोहोचेल. तुझ्या संत्र्यांची पेटी या वर्षी आली नाही, हेही नोंदवून ठेवतो.

उत्तर पत्रानेच पाठव, आणि पाकिटावर ‘खाजगी’ असे मोठ्या अक्षरांत लिही. फोन करू नकोस. फोन मीरा उचलते.

तुझा,
अनंता