आमचे बाण जुळवून देणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. 70 मीटरवर माझे बाण पसरले की जो तो माझ्या रिलीजला, म्हणजे दोरी सोडण्याच्या पद्धतीला, नावं ठेवायचा. तुम्ही मात्र आधी बाण मागून घेतलेत, एकेक वजनकाट्यावर ठेवलात, आणि मग माझ्याकडे वळलात.

शाफ्टवरचा, म्हणजे बाणाच्या दांडीवरचा, 500 हा आकडा मी रोज बघायचो. त्याचा अर्थ तुम्ही सांगितलात: 28 इंचांच्या अंतरावर दोन टेकू, मध्ये 1.94 पौंडांचं वजन, आणि शाफ्ट अर्धा इंच वाकला की स्पाइन, म्हणजे कडकपणाचा आकडा, 500. आकडा जितका लहान तितका शाफ्ट कडक. पण ही टेबलावरची मोजणी. दोरीवरून सुटताना तोच शाफ्ट लांब ठेवला किंवा पॉइंट (टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) जड लावला, तर मऊ वागतो. म्हणूनच तुम्ही आधी लांब ठेवून बिनपिसांचा बाण मारून बघायला लावता. उजव्या हाताने मारणाऱ्याचा तो बाण पिसंवाल्यांच्या डावीकडे लागला तर कडक, उजवीकडे लागला तर मऊ. मग थोडं थोडं कापायचं. जास्त कापलेलं परत जोडता येत नाही, हे तुमचं पालुपद आता मलाही पाठ झालंय.

खरी चिकाटी मात्र कापल्यानंतर लागते. टोकाच्या कडेवर मार्करची शाई फिरवायची आणि शाफ्ट घासपट्टीवर अलगद फिरवत राहायचं. शाई एकाच बाजूने निघाली तर टोक तिरकं; सगळीकडून सारखी गेली की थांबायचं. हे काम बघायला अगदीच कंटाळवाणं (माझा भाऊ पाच मिनिटांत उठून गेला), पण पॉइंट सरळ बसतो तो यामुळेच. पॉइंट चिकटवताना आच धातूला द्यायची, कार्बनला नाही, हेही तुम्हीच बजावलंत.

आणि ते नंबर! प्रत्येक बाणाला नंबर दिल्यापासून कुणाची खोड कुठली ते लगेच कळतं. सात नंबर सारखा गटाबाहेर जायचा. नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) जरा फिरवला, आणि स्वारी गटात आली.

नवा डझन आणलाय, अजून पूर्ण लांबीचाच आहे. पॉइंट 100 ग्रेन वजनाचे लावू की 120 चे, तेवढं कळवा. तोवर कटरला हात लावत नाही.

कळावे, लोभ असावा.
आपला विद्यार्थी