‘तोल’ नव्हे, ‘स्वस्थितिबोध’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील एका लेखात ‘प्रोप्रियोसेप्शन’ला, म्हणजे डोळे मिटूनही आपले हातपाय कुठे आहेत हे कळण्याच्या जाणिवेला, ‘तोलाची जाणीव’ असा प्रतिशब्द दिला आहे. तो मला चुकीचा वाटतो. तोल सांभाळायला डोळे, अंतःकर्ण आणि स्नायू-सांध्यांकडून मेंदूला मिळणारी वर्दी या तिन्हींची मदत होते; हा शब्द त्यांतल्या फक्त तिसऱ्या गोष्टीचा आहे.

शरीररचनाशास्त्रज्ञ चार्ल्स बेल यांनी 1826 साली या जाणिवेला ‘स्नायूंची संवेदना’ म्हटले होते. पुढे मज्जासंस्थेचे अभ्यासक बॅस्टियन यांनी ‘गती’ आणि ‘संवेदना’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून ‘किनेस्थेशिया’ हे नाव घडवले. परंतु हात स्थिर असतानाही तो कुठे आहे हे आपल्याला कळतेच, त्यामुळे ते नाव तोकडे पडते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 साली बाहेरच्या जगाची वर्दी देणारी, आतड्यांसारख्या आतल्या इंद्रियांची आणि शरीराच्या स्वतःच्याच हालचालींमुळे जागी होणारी अशी संवेदनांची विभागणी केली आणि तिसरीसाठी लॅटिनमधील ‘प्रोप्रियस’, म्हणजे ‘स्वतःचा’, हा शब्द योजला. शब्दाचा सगळा जीव त्या ‘स्व’मध्ये आहे आणि ‘तोल’ म्हटले की नेमका तोच हरवतो.

मी खानापूर भागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. पायाचा अंगठा दोन्ही कडांनी धरून (वरून-खालून धरला तर दाबावरूनच रुग्णाला दिशा कळते) हळूच वर किंवा खाली हलवायचा आणि डोळे मिटलेल्या रुग्णाने दिशा सांगायची, ही आमची नेहमीची तपासणी. जुना मधुमेह असलेले एक भातशेतकरी ती करताना म्हणाले, “डोळे मिटले की पायाचा ठावच लागत नाही बघा, माझा पाय माझा राहत नाही.” शेरिंग्टन यांनी लॅटिनमधून शोधलेला अर्थ त्यांच्या तोंडी सहज आला होता.

आमच्या सीमाभागात दवाखान्यातले कागद बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतात, त्यामुळे असा शब्द मराठीत वाचायला मिळतो तो वृत्तपत्रातच. म्हणून माझी विनंती आहे की यापुढे ‘स्वस्थितिबोध’ हा शब्द वापरावा आणि पहिल्यांदा येईल तेथे ‘आपल्या हातापायांचा ठाव’ असा खुलासा जोडावा.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)