विषय : ट्यूनरविना पाठवलेला पियानो आणि 'तिकडे कुणाला कळतंय' हे तुमच्या माणसाचं उत्तर

प्रति,
व्यवस्थापक,
वाद्यं भाड्याने देणारी आपली कंपनी, पुणे

आज सकाळी तुमच्या ग्राहक विभागाशी पाचव्यांदा बोलले. 'तक्रार वर पाठवली आहे' याच्यापुढे गाडी सरकत नाही, म्हणून लेखी देते आहे.

पावतीवर तुम्हीच लिहिलं आहे : एक अपराइट पियानो, ने-आण, आणि कार्यक्रमाच्या दिवशी ट्यूनर, म्हणजे वाद्य सुरात लावणारा माणूस. 42,000 रुपये, सगळे आगाऊ भरलेले. शनिवारी संध्याकाळी साडेसहाला अमळनेरच्या शाळेच्या सभागृहात गाण्यांचा कार्यक्रम, आणि टेम्पो आला सव्वाचारला. सोबत ड्रायव्हर आणि दोन हमाल. ट्यूनर नाही.

पियानोत दोनशेहून जास्त तारा असतात, बहुतेक पट्ट्यांना तीन-तीन. असं वाद्य रात्रभर टेम्पोत हेलकावे खात आलं आणि आमच्याकडच्या कोरड्या हवेत उतरलं, की सूर हलणारच. हे मी तुम्हाला शिकवायला नको. ठाऊक आहे म्हणूनच ट्यूनरचे वेगळे पैसे तुम्ही घेतलेत.

वादकांनी झाकण उघडलं आणि मधल्या सी या सुराच्या वरचा ए हा सूर वाजवला, ज्याची कंपनं सेकंदाला 440 धरतात तो. एका पट्टीच्या तीन तारा तीन वेगळ्या गोष्टी बोलत होत्या, सूर वाँव वाँव करत लाटेसारखा हलत होता. वर ती पट्टी दाबली की खालीच बसायची. वादक ती दरवेळी नखाने उचलत होते. त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मी तिथूनच फोन लावला. तुमचा माणूस म्हणाला, "मॅडम, ट्यूनर दुसऱ्या इव्हेंटला आहे." मी म्हटलं, पैसे घेतलेत, दोन तासांत जळगावहून, धुळ्याहून, कुठून तरी कुणाला पाठवा. तो म्हणाला, "तिकडे कोण मिळणार?" मग म्हणाला, "अॅडजस्ट करून घ्या. बाईंच्या गाण्यामागे नुसतं म्युझिकच तर द्यायचंय." मी सांगितलं की पियानो मागे नसतो, या गाण्यांत तो गाणाऱ्याच्या बरोबरीचा असतो. त्यावर तो हसला. फोनवर मला स्पष्ट ऐकू आलं. आणि म्हणाला, "मॅडम, अमळनेर ना? तिकडे कुणाला कळतंय?"

बत्तीस वर्षं मी याच गावात मुलींना गाणं शिकवलं. तानपुरा लागेपर्यंत एकीनेही षड्ज लावायचा नाही, हा माझ्या वर्गाचा नियम होता. 2024 मध्ये 97 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावात भरलं. साने गुरुजींनी याच गावात मुलांना शिकवलं. आणि तुमचा माणूस आम्हाला विचारतो, कुणाला कळतंय.

त्या दिवशीचं मुख्य गाणं शूबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराचं होतं, चरख्यावर बसलेल्या ग्रेटचेन नावाच्या मुलीचं. 1814 मध्ये, सतराव्या वर्षी त्याने ते रचलं. शब्द जर्मन कवी गोएटेच्या 'फाउस्ट' नाटकातले. त्यात चरखा पियानो फिरवतो. उजवा हात सतत गरगरत राहतो आणि वर ती मुलगी प्रियकराची आठवण काढत जाते. त्याच्या चुंबनाच्या आठवणीशी आली की चरखा थांबतो. मग अडखळत, एकदा, दोनदा, पुन्हा सुरू होतो. माझी आजी पहाटे जात्यावर अहिराणीत ओव्या म्हणायची. माहेरचं नाव आलं की तिचा हात असाच खुंट्यावर थबकायचा. हे मी कार्यक्रमाआधी श्रोत्यांना सांगितलं होतं. म्हणून सगळे तो चरखा थांबायची वाट पाहत होते.

तो भलत्याच जागी थांबला. गाणं डी मायनर या स्वरश्रेणीत, ए त्यात वारंवार लागतो, आणि तीच पट्टी अडकलेली. चरखा तिथे तुटत होता. गाणाऱ्या सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या, बाईंचा आवाज विनामाईक शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता, पण खाली पियानो उतरलेला, त्यामुळे वरच्या सुरांना त्यांनी कशाच्या आधारावर उभं राहायचं? तिसऱ्या गाण्यानंतर त्यांनी हात जोडले आणि उरलेल्यांपैकी एकच गाणं पियानोशिवाय गायल्या. नऊ गाण्यांचा कार्यक्रम चार गाण्यांत संपला.

बाहेर पडताना मारवडहून आलेले एक आजोबा माझ्याजवळ थांबले. कापसाचे शेतकरी, आयुष्यात पहिल्यांदा पियानो पाहिलेला. म्हणाले, "बाई, गाणारी सुरमा शे, पन ती पेटी बेसूर शे." तुमच्या माणसाला हे वाक्य जसंच्या तसं ऐकवा.

एवढ्यावर थांबला असतात तरी कदाचित मी फक्त ट्यूनरचे पैसे मागितले असते. पण पियानो न्यायला तुमचा टेम्पो अजून आलेला नाही आणि काल मोबाईलवर पाच दिवसांच्या जादा भाड्याचं बिल आलं. ट्यूनर पाठवला नाहीत, वाद्य नेलं नाहीत, आणि भाडं आमच्याकडून?

पूर्ण 42,000 रुपये परत करा. तिकिटांचे पैसे आम्ही श्रोत्यांना परत केलेत, तेही भरून द्या. हिशोब सोबत जोडला आहे. जादा भाड्याचं बिल रद्द करा. पंधरा दिवसांत झालं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करणार. पट्टीचं चित्रण, फोनची नोंद, पावती, सगळं माझ्याकडे आहे. मी निवृत्त आहे, प्रत्येक तारखेला हजर राहीन.

आणि वाद्य न्यायला याल तेव्हा ट्यूनर घेऊन या. तो आधी सभागृहात बसून पियानो सुरात लावेल, मगच तो टेम्पोत चढेल. माझ्या मुलींनी सुरात लागलेला पियानो अजून ऐकलेला नाही. त्या येऊन बसतील. किल्ली शिपायाकडे आहे, शाळा साडेदहाला उघडते.

आपली ग्राहक,
निवृत्त संगीत शिक्षिका, अमळनेर