खाज कातडीला, सुई दंडाला!

मा. संपादक,

पावसाळा लागला की आपल्याकडे जांघेत, काखेत गजकर्ण उठलेली माणसं घरोघर. कपडे वाळत नाहीत, घाम सुटतो, त्याला इलाज नाही. पण हल्ली अशांना 'रक्तातली बुरशी' तपासायला सांगितलं जातं. शेजारचा मुलगा एका खाजगी लॅबमधून कँडिडा नावाच्या दुसऱ्याच बुरशीच्या अँटिबॉडीचा (शरीराने तिच्याविरुद्ध रक्तात तयार केलेल्या प्रथिनांचा) रिपोर्ट घेऊन आला. पैसे गेले, खाज जिथल्या तिथे. त्यात फार्मसीतून कुणालाही न विचारता आणलेली स्टेरॉइडची ट्यूब, म्हणजे चट्टा आणखीनच पसरला.

गजकर्णाची बुरशी कातडीच्या वरच्या, मेलेल्या थरात राहते. रक्तात तिला शोधून काय मिळणार? चट्ट्याच्या कडेचा कोंडा बोथट ब्लेडने काचपट्टीवर खरवडून घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पेशी विरघळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फाटे फुटलेले तंतू दिसतात. कँडिडा तर धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यातही असते. नुसत्या अँटिबॉडी सापडल्या म्हणून आजार ठरत नाही.

रक्तचाचण्या बिनकामाच्या आहेत असं मात्र मुळीच नाही. आयसीयूतल्या रुग्णाला कँडिडाचा खोलवर संसर्ग झाला तर ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघण्याची चाचणी) तो जेमतेम निम्म्या वेळा पकडतं. म्हणून बीटा-डी-ग्लुकॅन या बुरशीच्या आवरणातल्या घटकाच्या रक्तचाचणीची जोड देतात. तीही 2021 मध्ये सगळ्यांना धडकी भरवणाऱ्या म्युकरमायकोसिसमध्ये ('काळी बुरशी') उपयोगी पडत नाही, तिथे बाधित भागाचा तुकडाच तपासावा लागतो. सर्वांत दुर्लक्षित रुग्ण म्हणजे क्षयातून बरे झालेले, पण फुफ्फुसात पोकळी राहिलेले. खोकला जात नाही, थुंकीतून रक्त पडतं, तपासणीत क्षयाचे जंतू मिळत नाहीत, तरी पुन्हा टीबीच्याच गोळ्या सुरू होतात. अशा वेळी छातीच्या स्कॅनसोबत अ‍ॅस्परजिलस या बुरशीविरुद्धच्या अँटिबॉडीची (आयजीजी) रक्तचाचणी केली, तर त्या पोकळीत बुरशीने घर केल्याचं कळू शकतं.

यांपैकी कोणती चाचणी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) होते, म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा इस्पितळांतून नमुना तिथे कसा पोहोचतो, रिपोर्ट किती दिवसांत मिळतो, हे आरोग्य खात्याने फलकावर लावावं. आणि मलेरियाची काचपट्टी बघायला आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक असतोच. त्याखाली हा कोंडाही तपासून मिळावा, चतुर्थीआधी.

— एक वाचक, फोंडा