पदपथाचा खर्च सोसायट्यांच्या माथी नको

संपादक महोदय,

पुण्यातील आमच्या भागात काही गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये सध्या एक सूचना पुढे येत आहे. महापालिका लक्ष देत नाही, तेव्हा संस्थेसमोरचा उखडलेला पदपथ सभासदांनी वर्गणी काढून दुरुस्त करून घ्यावा, अशी ती सूचना आहे. निखळलेल्या ब्लॉकवरून घरातले ज्येष्ठ पडतील या भीतीने ती केली जाते, हे मला समजते. तरीही हा पायंडा पडू नये असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्ते बांधणे आणि सुस्थितीत राखणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य सांगितले आहे आणि पदपथ हा रस्त्याचाच भाग आहे. इमारतीला परवानगी देताना विकास शुल्क घेतले जाते, ते बांधकाम व्यावसायिक सदनिकेच्या किमतीत धरतो; त्यानंतर मालमत्ता कर दरवर्षी भरावा लागतोच. त्यावर पुन्हा वर्गणी काढणे म्हणजे एकाच कामासाठी तिसऱ्यांदा पैसे देणे होय.

पैशाहून मोठा प्रश्न न्यायाचा आहे. पदपथ सलग असेल तरच उपयोगाचा. सधन संस्थेसमोर गुळगुळीत फरशी आणि पुढच्या चाळीसमोर चिखल असेल, तर बसथांब्याकडे निघालेली घरकामगार बाई किंवा शाळकरी मूल अखेर वाहनांच्या गर्दीतूनच चालणार. जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद पदपथ सार्वजनिक पैशातून झाले, तिथल्या मिळकतदारांकडून वर्गणी घेऊन नव्हे. मग उपनगरातल्या गल्लीला वेगळा नियम का?

अमेरिकेतील डेन्व्हर शहरात घरासमोरच्या पदपथाची जबाबदारी त्या-त्या मिळकतदारावर होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या मतदारांनी ती पद्धत मोडून, सर्व मिळकतदारांकडून शुल्क घेऊन शहरानेच पदपथ बांधावेत आणि राखावेत, असा कौल दिला. जी व्यवस्था तिथे टाकून दिली गेली, ती आपण मागच्या दाराने का आणावी?

मात्र जो पदपथ फोडतो, त्याने तो भरून द्यावा, हे तत्त्व कठोरपणे पाळले पाहिजे. केबल, गॅस वा पाण्याच्या वाहिनीसाठी खोदाई झाली की चरापुरते काँक्रीट ओतले जाते आणि आजूबाजूचे ब्लॉक पहिल्याच पावसात खचतात. पदपथ पूर्ण रुंदीत पूर्ववत करण्याचा खर्च खोदणाऱ्याकडूनच वसूल व्हावा, मग ते महापालिकेचे स्वतःचे खाते का असेना. मोटारी आत घेण्यासाठी पदपथ तोडून उतार करणाऱ्या गृहसंस्थांनाही, आमच्यासारख्यांनाही, हाच नियम लागू असावा.

पदपथांचा विनाअडथळा वापर हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालील हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. हक्काची पूर्तता वर्गणीवर सोडता येत नाही. महापालिकेने अंदाजपत्रकात पदपथांच्या देखभालीसाठी, नव्या बांधणीपासून वेगळे आणि अन्यत्र वळवता न येणारे लेखाशीर्ष ठेवावे, आणि त्यातून कोणत्या प्रभागात किती खर्च झाला ते दर तिमाहीस क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावे, अशी माझी मागणी आहे.

आपला,
एक करदाता, पुणे