जयंती नाला किती तास वाहिला, तेही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पंचगंगेच्या प्रदूषणाची चर्चा निघाली की कोल्हापूरच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांची क्षमता हमखास सांगितली जाते. कसबा बावड्याचे केंद्र 76 एमएलडीचे, म्हणजे दिवसाला 7 कोटी 60 लाख लिटरचे, आणि दुधाळीचे 17 एमएलडीचे. या केंद्रांमुळे नदीवरचा भार हलका झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नदीच्या खालच्या अंगाला, इचलकरंजीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ज्या आकड्याची खरी गरज आहे, तो या चर्चेत क्वचितच येतो. शहरातले नाले केंद्राकडे न वळता थेट नदीत किती तास वाहिले, हा तो आकडा.

केंद्रात आलेल्या सांडपाण्यातून आधी जाळ्यांवर प्लास्टिक, चिंध्या अडवल्या जातात, वाळू खाली बसवली जाते आणि मग खरे काम जिवाणूंवर सोपवले जाते. मैल्यातील सेंद्रिय घाण खाऊन हे जिवाणू वाढतात, त्यांचा गाळ तळाशी बसतो आणि वरचे निवळ पाणी क्लोरीन देऊन सोडले जाते. सांडपाणी प्रक्रियेविना नदीत गेले तरी जिवाणू हेच काम करतात. फरक इतकाच की टाकीत त्यांना ब्लोअरने हवा पुरवलेली असते, आणि नदीत मात्र ते माशांच्या वाट्याचा प्राणवायू संपवतात. उन्हाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे पाणी तुंबलेले असताना याचा फटका सर्वाधिक बसतो. तेरवाड बंधाऱ्याजवळ काळसर पाण्यावर तोंड वर काढून धापा टाकणारे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना बीओडी (पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू संपवतात, त्याचे माप) म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढले की तेच साचलेले पाणी एकदम पुढच्या गावांच्या वाट्याला येते.

आता साधा हिशेब मांडू. कच्च्या घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे साधारण 200 मिलिग्रॅम धरला आणि केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा 10 धरला, तर त्याच प्रवाहाने नाला एक तास नदीत वाहिल्यास केंद्राच्या वीस तासांच्या विसर्गाइतकी घाण नदीत जाते. हा 10 चा आकडा मी मनाने घेतलेला नाही. महानगरे वगळता इतर शहरांसाठी 2017 च्या केंद्रीय अधिसूचनेत ही मर्यादा 30 होती आणि राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये 10 च्या कडक मर्यादेचा आग्रह धरला. मर्यादा कडक झाली हे चांगलेच झाले. पण जे पाणी केंद्राच्या दारापर्यंत पोचलेच नाही, त्याला कोणतीही मर्यादा लागू पडत नाही आणि केंद्राच्या प्रयोगशाळेतला अहवाल त्या दिवशीही उत्तमच येतो.

कोल्हापूर शहरातून सांडपाणी वाहून आणणाऱ्या जयंती नाल्याचे पाणी बावड्याच्या केंद्रापर्यंत आपोआप उताराने जात नाही, ते नाल्यावर अडवून पंपाने उपसावे लागते. वीज गेली, पंप बिघडला किंवा पावसाचा लोंढा उपशाच्या आवाक्याबाहेर गेला, की सांडपाणी नाल्यावरच्या बंधाऱ्यावरून नदीत जाते. म्हणून कोट्यवधींच्या केंद्राची खरी कार्यक्षमता त्या पंपघरातला पर्यायी पंप, जनित्र आणि त्याचे डिझेल ठरवते. नवे केंद्र उभारण्याच्या घोषणेला जितकी प्रसिद्धी मिळते, तितकी डिझेलच्या तरतुदीला मिळत नाही, हे मी समजू शकतो. पण नदीच्या दृष्टीने महत्त्व डिझेललाच आहे.

इचलकरंजीने 2012 मध्ये दूषित पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीत माणसे गमावली आहेत, त्यामुळे येथे हा प्रश्न निव्वळ माशांचा किंवा जलपर्णीचा राहिलेला नाही. माझी मागणी म्हणून मर्यादित आहे. प्रत्येक उपसा केंद्रावर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर रोज तीन आकडे जाहीर करावेत : किती सांडपाणी उपसले, केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्याचा बीओडी किती होता आणि नाला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत बंधाऱ्यावरून वाहिला. तिसरा आकडा वेळेवर कळला तर खालच्या गावांना नदीतला उपसा काही तास थांबवता येईल.

हे लिहिताना आमच्या शहराचे सांडपाणी नदीत नेणारा काळा ओढा मी विसरलेलो नाही. शिरोळ तालुक्यातील गावांच्या दृष्टीने आम्हीच वरच्या अंगाला आहोत आणि जी माहिती आम्ही कोल्हापूरकडे मागतो, ती त्यांना देण्याची जबाबदारी आमच्यावर येते. तेव्हा असा पहिला फलक इचलकरंजीत लागला तरी माझी हरकत नाही.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी