तुमच्या थिनरने लॅकरचं दही केलं

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग
दि. ५ सप्टेंबर २०२५

विषय: एन. सी. (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पातळ करायच्या थिनरच्या सदोष बॅचबाबत

महोदय,

तुमच्या थिनरने लॅकर बिघडलं अशी फोनवर तक्रार केली तेव्हा तुमच्या माणसाने एका वाक्यात निकाल दिला, "कोकणात हवा दमट, तिथे असं होतंच." म्हणून हे पत्र.

दमट हवा मला शिकवू नका. बावीस वर्षं इथे पॉलिशचं काम करतोय. पावसात स्प्रे मारला की थिनर भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी धरतं आणि लॅकर पांढरं पडतं. त्यावर उपाय म्हणून आम्ही सावकाश उडणारं रिटार्डर घालतो. पण ते पांढरं पडतं लाकडावर. या वेळी लॅकर गनच्या कपातच बिघडलं.

८ ऑगस्टला पाच लिटरचे दोन डबे घेतले. नाव तेच, किंमत तीच. झाकण उघडताच शंका आली होती. जुन्या थिनरला पिकल्या केळ्यासारखा गोडसर वास यायचा, याला पेट्रोलपंपावरचा. चतुर्थी २७ तारखेची, ऑर्डर डोक्यावर, तसंच वापरलं. फणसाच्या लाकडाचे सहा चौरंग आणि एक देव्हारा. गनमधून फवारा येईना, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे यायला लागले. सुकलेल्या थरावरून हात फिरवला तर खरखरीत, रया गेलेला.

मग दोन काचेच्या बरण्या घेतल्या. लॅकर एकाच डब्यातलं, तुमचंच. एकीत मागच्या बॅचचं उरलेलं थिनर, दुसरीत नवं, दोन्हीकडे माप सारखं. बी-४ कपातून, म्हणजे पातळपणा मोजायच्या बुडाला भोक असलेल्या कपातून, जुनं वीस सेकंदांत वाहून गेलं. नव्याची तार तुटेना. पन्नासपर्यंत मोजलं आणि नाद सोडला. बरण्यांना घट्ट झाकणं लावली. सकाळी पहिली हलवली तर लॅकर पाण्यासारखं डुचमळलं. दुसरी उलटी केली तरी आतला गोळा खरवसासारखा थरथरत बुडाला चिकटलेला. बंद बरणीत कोकणची हवा शिरली कुठून?

त्याच गोळ्यात शुद्ध ब्यूटिल ॲसिटेट घालून ढवळत बसलो. अर्ध्या तासात परत पातळ. म्हणजे लॅकर शिळं नव्हतं. त्यातल्या नायट्रोसेल्युलोजला, म्हणजे सुकल्यावर थर धरणाऱ्या मूळ पदार्थाला, विरघळवून ठेवणारा भागच तुमच्या थिनरमध्ये कमी पडला. तो भाग म्हणजे ॲसिटेट, ॲसिटोन यांसारखी द्रावकं. टोल्युइन एकटं नायट्रोसेल्युलोज विरघळवत नाही. स्वस्त पडतं म्हणून मिसळतात, आणि प्रमाणात असेल तोवर चालतंही. हद्द ओलांडली की नायट्रोसेल्युलोजच्या लांब साखळ्या द्रावकाला सोडून एकमेकींना धरतात. आधी तार सुटते, मग जेली होते. शिवाय ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं, टोल्युइन ११० च्या आसपास, ब्यूटिल ॲसिटेट १२६ ला. हे शेवटचं लाकडावर टिकून राहतं म्हणून थर एकजीव बसतो. तेच काढून घेतलं तर बरणीत बरं दिसणारं लॅकरही लाकडावर फुटतं. तुमच्या प्रयोगशाळेला हे ठाऊक असणारच. मी फोनवरच्या त्या गृहस्थांसाठी लिहितोय. थिनरमध्ये पाणी निघालं म्हणाल, तर तेही डब्यातूनच आलंय.

चौरंग खरवडून, घासून पुन्हा केले. देव्हारा मात्र वेळेत झाला नाही, आणि त्या घरी गणपती जुन्याच पाटावर बसला. त्यांनी पैसे कापले नाहीत, पण पुढच्या कामासाठी विचारतील असं वाटत नाही.

दोन्ही डब्यांचे पैसे, खरवडण्याची व नव्या लॅकरची भरपाई, आणि या बॅचमध्ये काय बदललं त्याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत मिळावा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. धंद्यासाठी घेतलेला माल, असं म्हणून हात झटकू नका. स्वतःच्या हाताने पोट भरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरलंय.

बिल, बॅच क्रमांक व फोटो सोबत जोडले आहेत. आणखी एक बरणी तशीच गोठलेली ठेवली आहे. माणूस पाठवा. येताना त्याला बी-४ कप आणायला सांगा, माझा तुमच्या मालाने बुजलाय.

आपला,
(सही)